स्क्रीन बदलण्याआधी एकदा टॉर्च मारून बघा

लॅपटॉप चालू होतो, पंखा फिरतो, कीबोर्डखालचे दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच. अशा वेळी खोलीतला दिवा घालवा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ, तिरका धरून सावकाश फिरवा. बऱ्याचदा त्या उजेडाच्या वर्तुळात अंधुकसं काहीतरी दिसतं: रिसायकल बिनचं चित्र, कोपऱ्यातलं घड्याळ, पासवर्ड टाकायची चौकट. ते दिसलं तर समजायचं की काच, तिच्यातली लाखो ठिपक्यांची जाळी आणि मदरबोर्डवरची (लॅपटॉपच्या मुख्य सर्किटवरची) चित्र पाठवणारी चिप, सगळं शाबूत आहे. गेला आहे तो फक्त मागचा उजेड.

याच लॅपटॉपला एखाद्या दुकानात "डिस्प्ले गेलाय, पूर्ण बदलावा लागेल" असं उत्तर मिळू शकतं. फॉर्म भरण्याची शेवटची तारीख जवळ आलेल्या विद्यार्थ्याला किंवा महिन्याचा हिशोब काटेकोर बसवणाऱ्या घराला तो खर्च जड जातो. अनेकदा तो करायची गरजही नसते. स्क्रीन म्हणजे एकावर एक रचलेले थर. त्यांतल्या कोणत्या थरात बिघाड आहे, हे आधी शोधायचं. त्या शोधाला पैसे लागत नाहीत. मात्र स्क्रीन आतून कशी चालते, ते थोडं माहीत हवं.

एलसीडी, म्हणजे द्रवस्फटिकांची स्क्रीन, स्वतः उजेड देत नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये पॅनेलच्या, म्हणजे या सगळ्या थरांच्या मिळून बनलेल्या स्क्रीनच्या, खालच्या कडेला पांढऱ्या एलईडींची एक अरुंद पट्टी असते. तिचा उजेड ॲक्रिलिकच्या पातळ तक्त्यात शिरतो, आतल्या आत परावर्तित होत सगळीकडे पसरतो आणि वरच्या दोन-तीन दुधी कागदांमधून सारखा होऊन पुढे येतो. (काही महागड्या लॅपटॉपांत ओएलईडी स्क्रीन असते. तिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे टॉर्चची परीक्षा तिला लागू नाही.) एलईडी पट्टी, तिला वीज देणारा मदरबोर्डवरचा तांदळाच्या कणीपेक्षाही लहान फ्यूज किंवा बिजागरीतून जाणारी केबल, यांपैकी काहीही गेलं की चित्र असूनही दिसत नाही. फ्यूज किंवा केबल बदलणं हे नव्या पॅनेलच्या मानाने बरंच स्वस्त काम आहे.

उजेडाच्या पुढे येतात दोन पोलरायझर आणि त्यांच्यामध्ये काचेच्या दोन पातळ तक्त्यांत बंद केलेले द्रवरूप स्फटिक. घरात पोलरॉइड गॉगल असेल तर पांढरी स्क्रीन चालू ठेवून तो तिच्यासमोर हळूहळू फिरवून बघा. एका कोनात स्क्रीन जवळजवळ काळी होते. पोलरायझर ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच सोडतो. दोन पोलरायझर एकमेकांना काटकोनात ठेवले तर काहीच पार होत नाही. पण त्यांच्यामधल्या द्रवस्फटिकाचे लांबट रेणू गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे वळत गेलेले असले, तर प्रकाशाची दिशाही त्यांच्याबरोबर वळते आणि तो दुसऱ्या पोलरायझरमधून बाहेर पडतो. साध्या पॅनेलमध्ये विजेचा दाब दिला की रेणू सरळ उभे राहतात, प्रकाश वळत नाही आणि तो ठिपका काळा पडतो. हा सगळा खेळ चालतो तो थर असतो 3 ते 5 मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा भागही नाही.

या पदार्थाचा शोध स्क्रीनसाठी लागलेला नाही. 1888 मध्ये प्रागमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनिट्झर गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होते. त्याच्यापासून बनवलेलं एक संयुग 145.5 अंश सेल्सिअसला वितळून गढूळ झालं आणि 178.5 अंशांना पुन्हा वितळल्यासारखं होऊन स्वच्छ झालं. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू, ही भानगड उलगडता उलगडता द्रव आणि स्फटिक यांच्या मधली अवस्था हाती लागली. पुढे 1977 मध्ये बंगळूरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी चकतीच्या आकाराचे रेणूही द्रवस्फटिक बनवतात हे दाखवून दिलं. साध्या पॅनेलमध्ये बाजूने बघितलं की रंग फिरतात. ते कमी करण्यासाठी जी पातळ फिल्म लावली जाऊ लागली, तिच्यात असेच चकतीसारखे रेणू वापरले गेले. हा धागा आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आता फुटलेल्या स्क्रीनकडे येऊ. फुल एचडी स्क्रीनवर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग, आणि प्रत्येक भागाला काचेवरच बनवलेला एक ट्रान्झिस्टर: एकूण 62,20,800. त्यांना संदेश पोचवणाऱ्या पारदर्शक काचेवरच्या तारा उभ्या-आडव्या धावतात आणि काठावरच्या चिप्सना जोडलेल्या असतात. तडा गेलेली स्क्रीन चालू करून नीट बघा. तड्याच्या एका बाजूला चित्र व्यवस्थित असतं आणि तड्यापासून थेट कडेपर्यंत सरळ पट्टे गेलेले असतात. तडा जिथे तार तोडतो, तिथून पुढच्या ठिपक्यांना निरोपच जात नाही. शाई सांडल्यासारखा जो काळा डाग दिसतो, तिथे दोन काचांमधलं नेमकं अंतर बिघडून द्रवस्फटिक जागचं हललेलं असतं. हा डाग दिवसागणिक पसरू शकतो, म्हणून अशी स्क्रीन जितकी कमी उघड-मीट कराल तितकं बरं. हाताला चिकट काही लागलं तर साबणाने धुऊन टाका आणि डोळ्यांना हात लावू नका.

इथे दोन गैरसमज लोकांचे पैसे घालवतात. पहिला, "नुसती वरची काच बदलून द्या." मोबाइलमध्ये बाहेरची संरक्षक काच वेगळी असते. साध्या, टच नसलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अशी वेगळी काच नसतेच. फुटते ती खुद्द एलसीडीची, जेमतेम अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काच. ती एकटी बदलता येत नाही. दुसरा समज टूथपेस्टचा. टूथपेस्ट म्हणजे बारीक घासणी. ती वरचा चमकरोधक थर खरवडते आणि एका ओरखड्याच्या जागी मोठा पांढुरका डाग करून ठेवते. तड्याला तर तिचा काहीच उपयोग नाही. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 मध्ये मांडलं की काचेतल्या अतिसूक्ष्म चिरेच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो आणि म्हणूनच काच तिच्या रेणूंच्या हिशोबाने फुटायला हवी त्यापेक्षा फार आधी फुटते. कीबोर्डवर विसरलेला पेन किंवा इअरफोन झाकणाखाली आला की नेमकं हेच होतं. कॅमेऱ्यावर चिकटवलेलं सरकतं झाकणही त्याला पुरेसं असतं. त्यामुळे स्क्रीनला इजा होऊ शकते, अशी सूचना ॲपलने 2020 मध्ये आपल्या ग्राहकांना दिली होती.

बाहेरून काच धड असेल, पण चित्र बिघडलं असेल तर तपासणीत खरी मजा आहे. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्र दाखवण्याचं काम बघणारा आतला प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो आणि कधीकधी काळी स्क्रीन तेवढ्यानेच परत येते. रेघा दिसत असतील तर स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाठवा. मोबाइलवर रेघ नसेल तर चित्र तयार होताना ठीक आहे, दोष केबलमध्ये किंवा पॅनेलमध्ये आहे. मग झाकण अगदी हळू पुढेमागे करा. कोन बदलला की चित्र लुकलुकतं, रंग बदलतात, मध्येच नीट होतं, असं असेल तर संशय बिजागरीत दुमडून दुमडून थकलेल्या केबलवर, ज्याला दुकानात फ्लेक्स म्हणतात. उलट, एकच बारीक उभी रेघ झाकण कसंही धरलं तरी हलत नसेल तर काठावरच्या चिपचा काचेशी असलेला सांधा सुटलेला असतो. तिथे बोटाने दाबल्यावर रेघ क्षणभर गेली, तर निदान जवळपास पक्कं. हा सांधा इतका सूक्ष्म असतो की साध्या दुकानात तो पुन्हा जुळत नाही. तिथे पॅनेलच बदलावं लागतं.

डेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत आणखी एक सोय आहे: डी हे बटण दाबून ठेवून लॅपटॉप चालू केला की पॅनेल स्वतःची चाचणी घेतं आणि पूर्ण स्क्रीनवर एकामागून एक रंग दाखवतं. त्या रंगांतही डाग-रेघा दिसल्या तर दोष पॅनेलचाच.

आणि सगळ्यांत भरवशाची परीक्षा म्हणजे एचडीएमआय केबलने घरचा टीव्ही जोडणं. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं तर मदरबोर्डवरची चित्र तयार करणारी चिप ठणठणीत आहे आणि तुमचं कामही आजच सुरू होऊ शकतं. टीव्हीवर अक्षरं कडेला कापली गेली किंवा पुसट दिसली, तर टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असा पर्याय शोधा. जुना व्हीजीए (एचडीएमआयच्या आधीच्या पद्धतीच्या जोडणीचा) मॉनिटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास कमी पैशांत मिळू शकतो. त्यासाठी एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा कन्व्हर्टर लागतो. दिसायला जवळजवळ तसाच, पण उलट दिशेने चालणारा कन्व्हर्टरही बाजारात असतो आणि तो इथे चालत नाही. घेताना दिशा विचारून घ्या.

लॅपटॉप कायमचा टेबलावर ठेवून मॉनिटरवर चालवायचा असेल, तर फुटकं झाकण काढूनच टाकू असा विचार मनात येतो. त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या: वायफायचे अँटेना बहुधा झाकणातच, स्क्रीनच्या कडेला बसवलेले असतात. बिजागरीतून खाली आलेल्या दोन बारीक तारा वायफाय कार्डला जोडलेल्या असतात. झाकण गेलं की नेट एकदम मंदावतं. म्हणून अँटेना सोडवून तारांसकट खालच्या भागाला बाहेरून चिकटवा किंवा छोटं यूएसबी वायफाय वापरा. कॅमेरा आणि बहुतेक वेळा माइकही झाकणासोबत जातो, हेही हिशोबात धरा.

पॅनेल बदलायचंच ठरलं, तर लॅपटॉपच्या मॉडेलवरून ते मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनेल बसवलेली असतात. चौकट जुन्या सिमकार्डाच्या प्लास्टिकने अलगद उचकटून पॅनेल पुढे वाकवलं की मागे एक स्टिकर दिसतो, त्यावरचा क्रमांक लिहून घ्या. त्यातले 156 किंवा 140 हे आकडे म्हणजे 15.6 किंवा 14 इंच. मग पॅनेलच्या केबलच्या प्लगमधल्या पिना मोजा: साध्या पॅनेलला बहुधा 30, टचच्या किंवा जास्त वेगाच्या पॅनेलला 40. कडेला स्क्रूचे पत्र्याचे कान आहेत की नाहीत, तेही बघा, कारण कान असलेलं आणि नसलेलं पॅनेल सारख्याच पिनांचं असूनही एकमेकांच्या जागी बसत नाही. मूळ पॅनेल 1366 गुणिले 768 चं असेल आणि फुल एचडी बसवायचं असेल, तर केबल चालेल का हे आधी विचारा. साधं 15.6 इंची पॅनेल ढोबळमानाने 3 ते 6 हजार रुपयांच्या आसपास पडतं. टच असलेलं बरंच महाग. डेल, एचपी आणि लेनोवो यांच्या संकेतस्थळांवर अनेक मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका मोफत मिळते. स्वतः उघडणार असाल तर ती आधी वाचा.

आणि उघडाल तेव्हा पॅनेलची केबल काढण्यापूर्वी बॅटरी सोडवलीच पाहिजे. नुसता लॅपटॉप बंद करून भागत नाही. या केबलमध्ये चित्राच्या बाजूची 3.3 व्होल्टची आणि मागच्या उजेडाची, थेट बॅटरी किंवा चार्जरकडून येणारी, कधी 19 व्होल्टपर्यंत जाणारी वीज अशा दोन्ही तारा शेजारीशेजारी असतात. पिना केसभर अंतरावर. प्लग तिरका निघाला किंवा तिरका बसला की जास्त दाबाची वीज नाजूक पिनेवर चढते आणि एका क्षणात फ्यूज, नवं पॅनेल किंवा थेट मदरबोर्ड जातो. लेनोवोच्या काही थिंकपॅड लॅपटॉपमध्ये आतली बॅटरी बायोसमधून, म्हणजे लॅपटॉप चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमधून, तात्पुरती बंद करता येते. बाकीच्यांत मागचं झाकण उघडून तिचा प्लग काढावा लागतो. त्यानंतर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीजही निघून जाते.

दुकानात बसवून घेत असाल तर काउंटरवरच सगळं बघून घ्या. नव्या पॅनेलवरची संरक्षक फिल्म लगेच काढू नका, कारण ती काढल्यावर बरेच दुकानदार माल परत घेत नाहीत. पूर्ण पांढरी, काळी, लाल, हिरवी आणि निळी अशी चित्रं मोबाइलवरून आधीच पाठवून ठेवा आणि एकेक उघडून बघा. पांढऱ्यावर मेलेला ठिपका काळा दिसतो, काळ्यावर अडकलेला ठिपका रंगीत चमकतो आणि काळ्याच चित्रात कडेने गळणारा उजेडही कळतो. ब्राइटनेस तळापासून पूर्ण वरपर्यंत न्या. झाकण दोन-चार वेळा मिटून उघडा, केबल चिमटीत सापडली असेल तर तेवढ्यात चित्र लुकलुकतं. वायफाय आणि कॅमेरा चालतोय का पाहा, कारण त्यांच्याही तारा त्याच झाकणातून गेलेल्या असतात. जुनं पॅनेल परत मागून घ्या आणि त्याच्या स्टिकरवरचा क्रमांक बिलावर लिहून मागा.