फॉरमॅट मारायला देण्यापूर्वी हे वाचा

कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप आमच्या दुरुस्तीच्या काउंटरवर ठेवता ठेवताच बहुतेक जण म्हणतात, "फॉरमॅट मारून द्या, लई स्लो झालंय." म्हणजे डिस्क कोरी करून नवं विंडोज टाका. आम्ही लगेच मारत नाही, आधी चार प्रश्न विचारतो. त्याचा काही जणांना वैताग येतो, म्हणून हा कागद.

पहिली गोष्ट म्हणजे, स्लो मशीनला दर वेळी फॉरमॅट लागत नाही. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असतो, रॅम कमी असते किंवा जुनी फिरती हार्डडिस्कच दमलेली असते. अशा डिस्कवर नवं विंडोज टाकलं तरी महिनाभरात गाडी मूळ पदावर येते. तिथे एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवणं हाच उपाय. डिस्कमधून टक्‌-टक्‌ असा आवाज येत असेल तर मात्र मशीन बंद करा आणि तसंच घेऊन या. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.

फॉरमॅटमध्ये नेमकं होतं काय? क्विक फॉरमॅटमध्ये जमीन जागेवरच राहते, फक्त सातबारा कोरा होतो. कुठली फाइल कुठे आहे ही नोंद जाते, फाइल तिथेच पडून असते. म्हणून जुन्या हार्डडिस्कवरून कधीकधी डेटा परत मिळतो. पण त्याच जागेवर नवं विंडोज चढलं की तेवढा भाग कायमचा गेला. एसएसडीत तर डिस्क स्वतःच मोकळ्या झालेल्या जागा साफ करत सुटते, तिथे परतीची आशा धरू नका. मशीन विकायचं असेल तर उलट काळजी घ्यावी लागते. तसं आधी सांगा, आम्ही डिस्क पूर्ण पुसून देऊ.

आता खरं काम, म्हणजे काय वाचवायचं. "सगळं डीमध्ये आहे, सी खुशाल उडवा," असं सांगणारे रोज भेटतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही सी ड्राइव्हमध्येच असतात. एका पत्रिकावाल्या गिऱ्हाइकाने असंच सांगितलं होतं. उडवण्याआधी आम्ही डेस्कटॉप उघडला, तर ‘नवीन फोल्डर (३)’मध्ये त्यांच्या अख्ख्या लग्नसराईच्या पत्रिका! तेव्हापासून डेस्कटॉप तुमच्यासमोर उघडून दाखवल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

डीटीपीवाल्यांनी, म्हणजे पत्रिका-पुस्तकांची अक्षरजुळणी करणाऱ्यांनी, फॉन्ट विसरू नयेत. कृतिदेव किंवा श्रीलिपीत केलेली फाइल वाचली आणि फॉन्ट मात्र गेला, तर ‘लग्न’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमधल्या, म्हणजे मोबाइलवर टाइप होतो तशा, मजकुराला ही अडचण नाही. विंडोजमधलं फॉन्टचं फोल्डर आम्ही काढून ठेवतो, पण कुठला फॉन्ट वापरता ते तोंडी सांगितलंत तर बरं.

हिशेबाचं टॅली असेल तर आणण्याआधी त्याचं लायसन सरेंडर करा, म्हणजे ते नंतर पुन्हा लावता येतं. कंपनी निवडताना पडद्यावर डेटाचा पत्ता दिसतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) घरीच ठेवा. सही टोकनमध्ये असते, कॉम्प्युटरमध्ये नाही. परत नेल्यावर फक्त त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो. चुकूनही टोकनच फॉरमॅट करू नका, सही जाईल आणि नवी काढावी लागेल. ब्राउझरमधले पासवर्ड गूगल खात्यात सिंक होतात का तेही बघून या. प्रिंटरचं मॉडेल लिहून आणा.

लॅपटॉप बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाने, बंद असेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. अडचण अशी, की लॅपटॉप घेतला तेव्हा भाच्याने स्वतःचाच ईमेल टाकलेला असतो. भाच्याला आधी फोन करा.

कुठलं विंडोज? विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (मोफत सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. जुन्या मशीनवर जुगाड करून चढवता येतं, पण मायक्रोसॉफ्ट त्याच्या अपडेटची हमी देत नाही आणि आम्हीही देत नाही. विंडोज ८ किंवा नंतरचं विंडोज कंपनीकडूनच टाकून आलेला लॅपटॉप असेल, तर विंडोजची की (लायसनचा क्रमांक) सहसा मदरबोर्डमध्येच असते. त्याच प्रकारचं विंडोज टाकलं की ती आपोआप लागते. अ‍ॅक्टिव्हेटर (लायसनशिवाय विंडोज चालू करणारा प्रोग्राम) टाकून फुकटातलं काही आम्ही चालू करून देत नाही. अँटिव्हायरस बंद केल्याशिवाय जो चालत नाही, तो काय चीज आहे ते ओळखा.

वेळेचं म्हणाल तर विंडोज चढायला अर्धा-पाऊण तास. अपडेट आणि ड्रायव्हर धरून अर्धा दिवस. डेटा काढायचा वेळ वेगळा: धडधाकट डिस्कवरून ५०० जीबीला दीड-दोन तास, बारीक फायली खूप असतील तर जास्त, आजारी डिस्कला अख्खी रात्र. म्हणून "तासाभरात येतो" म्हणू नका.

मशीन न्यायला याल तेव्हा पैसे देण्याआधी इथेच बसून दोन-चार जुन्या फायली उघडून बघा, फोटो बघा, टॅलीतली शेवटची नोंद बघा. काढून घेतलेल्या डेटाची प्रत आम्ही आठ दिवस ठेवतो. नवव्या दिवशी पुसतो.