ओळख परेडमध्ये एकटाच उभा

1888 साली लंडनमध्ये बायकांचे खून करणारा आणि कधीच न सापडलेला खुनी म्हणजे जॅक द रिपर. ‘जॅक द रिपरचा डीएनएने छडा लागला’ ही बातमी 2014 साली आली, 2019 साली आली आणि 2025 सालीही फिरली. आरोपी तोच, ॲरन कॉस्मिन्स्की, लंडनच्या व्हाइटचॅपलमधला पोलिश ज्यू न्हावी. पुरावाही तोच: 2007 साली लिलावात विकत घेतलेली रेशमी शाल. 30 सप्टेंबर 1888च्या पहाटे मायटर स्क्वेअरमध्ये मारल्या गेलेल्या कॅथरीन एडोजची ती होती आणि तिच्यावर खुन्याचेही डाग आहेत, असं म्हणतात.

पोलिसांच्या ओळख परेडमध्ये संशयिताबरोबर साधारण त्याच वयाबांध्याचे काही ‘डमी’ उभे करावे लागतात. रांगेत एकटाच माणूस असेल आणि साक्षीदाराने त्याच्याकडे बोट दाखवलं, तर त्या ओळखीला काय किंमत? शालीच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

शालीवरून वाचला तो मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिकेचा, डीएनए. पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून जुन्या कापडावरही तो तग धरतो. डीएनएच्या ए, टी, जी, सी या अक्षरांपैकी 16,569 अक्षरांचं हे वर्तुळ आईकडून मुलांकडे जवळपास जसंच्या तसं जातं. कोणाचाही क्रम सांगायचा तर 1981 साली केंब्रिजमध्ये वाचलेल्या एका संदर्भक्रमाशी ताडून फक्त फरक नोंदवतात. या संदर्भक्रमात 303 ते 309 या जागांवर सात ‘सी’, 310वर एक ‘टी’, मग 311 ते 315 पाच ‘सी’ आणि 316वर ‘जी’ आहे. एखाद्याच्या ‘टी’नंतर पाचाऐवजी सहा ‘सी’ असतील, तर जादाचा ‘सी’ नेमका कुठे घुसला? सगळे सारखेच, त्यामुळे सांगता येत नाही. म्हणून संकेत असा की जादाचं अक्षर रांगेच्या शेवटी मोजायचं आणि नोंद ‘315.1सी’ अशी करायची.

2014च्या दाव्यात शालीवर आणि एडोजच्या वंशजात ‘314.1सी’ नावाचा बदल सापडला होता. त्याची वारंवारता 2 लाख 90 हजारांत एक अशी सांगितली गेली. दुर्मीळच, कारण त्या नावाने कोणी नोंदच करत नाही! ही तीच जादाची ‘सी’, फक्त चुकीच्या क्रमांकाने लिहिलेली. ‘315.1सी’ म्हणून शोधली, तर युरोपीय वंशाच्या 99 टक्क्यांहून जास्त लोकांत ती मिळते. वेगळा आहे तो 1981चा संदर्भक्रमच. डीएनए फिंगरप्रिंटिंगचे जनक सर ॲलेक जेफ्रीज यांच्यासह अनेकांनी ही चूक दाखवली. डमी म्हणून लंडनच्या रस्त्यावरची कुठलीही दहा माणसं उभी केली असती, तरी बहुधा दहाही ‘जुळली’ असती.

2019च्या शोधनिबंधात संशयिताच्या नातेवाइकाशी जुळवणी दाखवली, पण अक्षरांऐवजी रंगीत चौकोन छापून. ते इतरांनी ताडायचे कसे? समजा, असा क्रम दर 200 माणसांत एकाचा असतो आणि वस्ती 70 हजारांची आहे. मग 350 माणसं जुळतात. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए संशयिताला वगळायला उत्तम, एकट्याला पकडायला लंगडा.

शालीचं मूळही संशयास्पद. एडोजच्या अंगावरच्या वस्तूंच्या पंचनाम्यात दोन मातीच्या चिलमी आहेत, मोहरीच्या डबीत गहाणवटीच्या दोन पावत्या आहेत. रेशमी शाल नाही.

तरी कॉस्मिन्स्कीच का? कारण लंडन पोलिसांतले अधिकारी मॅकनॉटन यांच्या 1894च्या टिपणात ते आडनाव आहे, ड्रुइट आणि ऑस्ट्रॉग या आणखी दोन संशयितांबरोबर. मॅकनॉटन पोलिसात आले 1889 साली, म्हणजे खुनांनंतर. ड्रुइटला त्यांनी 41 वर्षांचा डॉक्टर म्हटलं. तो 31 वर्षांचा बॅरिस्टर आणि शाळामास्तर होता. ऑस्ट्रॉग तर खुनांच्या वेळी फ्रान्सच्या तुरुंगात होता, हे पुढे उघड झालं. प्रसिद्ध संशयितांची यादी ही अशी. प्लँचेटवर नाव विचारलं असतं, तर फार वेगळं काय झालं असतं?

म्हणून चार्ल्स लेचमिअरसारखी कमी चर्चेतली नावं महत्त्वाची. पिकफर्ड्स कंपनीची मालाची घोडागाडी हाकणारा हा माणूस 31 ऑगस्टच्या पहाटे कामावर निघाला होता. बक्स रो या रस्त्यावर रिपरची बळी मानली जाणाऱ्या पॉली निकोल्सच्या मृतदेहाजवळ पहिला पोचलेला माणूस तोच. चौकशीत त्याने नाव ‘क्रॉस’ सांगितलं. संशय घेणारे इथे थांबतात, पण क्रॉस हे त्याच्या सावत्र वडिलांचं आडनाव होतं आणि पत्ता त्याने खरा दिला होता. साडेतीनच्या सुमारास घर सोडलं, तर वाटेतली काही मिनिटं हिशेबाबाहेर उरतात, हा दुसरा मुद्दा. पण 1888 साली दोन घड्याळांत पाच-दहा मिनिटांचा फरक सहज असे, त्यामुळे उरलेली मिनिटं मोजण्यात अर्थ नाही. तो खुनी होता असं मानायला हे पुरत नाही. डमी म्हणून मात्र उत्तम: जागा ठाऊक, वेळ ठाऊक, वाट ठाऊक. कॉस्मिन्स्कीवर लावलेली कसोटी त्याच्यावरही लावली आणि तोही ‘सापडला’, तर दोष कसोटीचा.

शालीची जुळवणी त्याच्यावर करायची, तर त्याच्या मुला-नातवंडांचा उपयोग नाही, कारण त्यांचा मायटोकॉन्ड्रिया त्याच्या बायकोकडचा. त्यासाठी त्याच्या बहिणीची किंवा मावशीची शाखा, तीही मुलीकडून मुलीकडे न तुटता आलेली, शोधावी लागेल.