घरपरिसरातील लहान वन्यजीवांची सुटका (नाशिक)

घरात, सोसायटीच्या आवारात किंवा मळ्यातल्या वस्तीवर अडकलेल्या, जखमी झालेल्या अथवा आईपासून दुरावलेल्या लहान वन्यजीवाला धोक्यातून काढून त्याच्या मूळ ठिकाणी परत पोचवण्याचे काम. नाशिकमध्ये वनविभाग, महापालिकेचे अग्निशमन दल, सर्पमित्र, पशुवैद्यक आणि प्राणिप्रेमी संस्था मिळून ते करतात. पहिला हात मात्र बहुतेक वेळा घरातल्याच माणसाचा लागतो, आणि पहिल्या अर्ध्या तासात त्याने काय केले यावर त्या जिवाचे पुढचे बरेच काही ठरते. सापडलेल्या पिल्लांपैकी पुष्कळांना खरे तर उचलण्याची गरजच नसते. आई जवळपास असते आणि माणूस बाजूला होण्याची वाट पाहत असते. मायेपोटी घरात आणलेले असे पिल्लू त्या क्षणापासून अनाथ होते. बिबट्याचा विषय वेगळा आहे, तो या नोंदीत घेतलेला नाही.

परिसर

नाशिक शहर गोदावरी आणि तिला मिळणाऱ्या नासर्डी, वालदेवी, वाघाडी या प्रवाहांच्या काठाने पसरले. या नाल्यांच्या कडेची झुडपे मुंगूस, उदमांजर आणि घोरपड यांच्या ये-जा करण्याच्या वाटा आहेत. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या बाजूंना द्राक्षबागा आणि नव्या इमारती भिंतीला भिंत लावून उभ्या आहेत. बागेत उंदीर असतात, उंदरांमागे धामण आणि नाग येतात, आणि पार्किंगमध्ये निघालेला साप बहुधा त्याच्या जुन्याच वाटेवर असतो. गंगापूर रोड आणि देवळाली कॅम्पमधल्या जुन्या झाडांच्या ढोलींत पोपट, पिंगळे आणि खारी राहतात. पांडवलेणी आणि रामशेजच्या डोंगरांचा पायथा आता वस्तीला टेकला आहे.

जुन्या नाशकातले वाडे हा यातला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग. रविवार कारंजा, भद्रकाली, पंचवटी इथल्या वाड्यांचे माळे, वळचणी आणि तुळयांमागच्या पोकळ्या म्हणजे गव्हाणी घुबड, पाकोळी आणि लहान वटवाघळांची पिढ्यान्‌पिढ्यांची घरे. पावसाळ्यात एखादा वाडा खचतो किंवा पाडकामाला निघतो, आणि माळ्यावरची पिल्ले उघड्यावर येतात.

गव्हाणी घुबडाची मादी एक-दोन दिवसांआड एकेक अंडे घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. त्यामुळे घरट्यातली पिल्ले जिन्याच्या पायऱ्यांसारखी लहानमोठी असतात: थोरल्याच्या पंखांना पिसे फुटू लागलेली, तर धाकटे अजून पांढऱ्या लवीत गुरफटलेले. धाकटे आकाराने लहान दिसते म्हणून ते आजारी आहे असे समजू नये. माणूस जवळ गेला की सगळी मिळून जोरात फुसफुसतात. अंधाऱ्या माळ्यावरचा हा आवाज ऐकून ‘नाग आहे’ म्हणून सर्पमित्राला फोन जातो आणि निघतात घुबडे. घुबड दिसणे अशुभ ही समजूत अजून गेलेली नाही, आणि दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडांची तस्करी होते. म्हणून पिल्ले सापडल्याची बातमी आणि जागेचा पत्ता गल्लीभर किंवा समाजमाध्यमांवर पसरवू नये, थेट वनविभागाला कळवावे. ज्या वाड्यात घुबडांचे कुटुंब आहे तिथे उंदीर टिकत नाहीत, हे शेजाऱ्यांना समजावून सांगितले तर पुष्कळदा विरोध मावळतो.

पिल्लू सापडल्यास

पक्ष्याचे पिल्लू हातात घेण्याआधी त्याचे अंग नीट पाहावे. अंगावर पिसे आलेली, डोळे उघडे, पायांवर उड्या मारणारे पिल्लू हे उडायला शिकणारे असते. साळुंकी, बुलबुल, दयाळ यांची पिल्ले पूर्ण उडता येण्याआधीच घरटे सोडतात आणि काही दिवस झुडपांत, कुंडीमागे, जमिनीवर काढतात. आईबाप त्यांना तिथे येऊन भरवतात. अशा पिल्लाला मांजर-कुत्र्यापासून दूर, जवळच्या फांदीवर ठेवून लांबून लक्ष ठेवणे एवढेच काम असते. उघडेबोडके, डोळे मिटलेले पिल्लू मात्र घरट्यातून पडलेले असते. घरटे हाताला येत असेल तर त्यात परत ठेवावे. घरटे मोडले असेल तर बुडाला भोके पाडलेली लहान टोपली, आत वाळके गवत, आणि ती त्याच झाडाला सावलीत बांधावी. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, ही समजूत चुकीची आहे. तिच्यापायी कित्येक पिल्ले जागच्या जागी मरू दिली जातात.

खारीच्या बाबतीत उन्हाळ्याची सुरुवात हा हमखास काळ. एसीचा बाहेरचा खोका, गिझरच्या पाइपाची पोकळी, गच्चीवरच्या अडगळीतला माठ अशा जागी ती काथ्या, कापूस, सुतळी, चिंध्या आणून गोळा करते आणि त्यात दोन-तीन पिल्ले देते. सर्व्हिसिंगसाठी आलेला माणूस झाकण उघडतो तेव्हा बोटाएवढी, गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्ले हाती लागतात. काम थांबवता येत असेल तर थांबवावे. थांबवता येत नसेल तर सगळे घरटे, चिंध्यांसकट, उचलून पुठ्ठ्याच्या उघड्या खोक्यात घालावे आणि खोका त्याच जागेच्या दोन-चार फुटांवर ठेवावा. खारीची एकाहून अधिक घरटी तयार असतात. माणसे आत गेली की ती येते, एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते. यात पिल्ले गार पडू न देणे महत्त्वाचे. पाण्याची बाटली कोमट पाण्याने भरून, फडक्यात गुंडाळून, खोक्याच्या एका कडेला ठेवावी. खार दिवसा वावरणारी आहे, अंधार पडल्यावर ती येत नाही. संध्याकाळपर्यंत आली नाही तर पिल्ले रात्रभर घरात उबेत ठेवून उजाडताच खोका पुन्हा तिथेच मांडावा. पुष्कळ लोक पहिल्या संध्याकाळीच आशा सोडतात आणि बाटलीने दूध पाजायला लागतात. तसे करू नये. घुबडाचे याच्या उलट असते: त्याच्या पिल्लाला उंच, आडोशाच्या जागी ठेवून रात्रभर वाट पाहावी लागते.

पाकोळी जमिनीवर पडलेली दिसली तर ती जखमी असेलच असे नाही. लांब पंख आणि अगदी आखूड पाय यांमुळे तिला सपाट जमिनीवरून उठणे जड जाते. पंख दोन्ही बाजूंना सारखे असतील आणि रक्त नसेल तर तिला उघड्या तळहातावर घेऊन गच्चीत हात उंच धरावा. ती आपण होऊन झेप घेते. हवेत फेकू मात्र नये.

वटवाघूळ उघड्या हाताने कधीही धरू नये. सस्तन प्राण्यांच्या चाव्यातून रेबीजचा धोका असतो, आणि २०२० साली महाबळेश्वरजवळच्या गुहेत पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या प्रतिपिंडांचा पुरावा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला मिळाला होता. याचा अर्थ वटवाघळे हाकलावीत किंवा मारावीत असा नाही. जाड हातमोजे किंवा दुमडलेला टॉवेल वापरून त्याला खोक्यात घ्यावे आणि जाणकाराला बोलवावे. मुंगूस, उदमांजर किंवा वटवाघूळ चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

जखमी प्राण्याला द्यायची पहिली मदत म्हणजे अंधार, शांतता आणि ऊब. भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाला सुती कापड, वर झाकण. पिंजऱ्यात चहूबाजूंनी माणसे दिसत राहतात आणि घाबरलेला पक्षी त्या धसक्यानेच मरू शकतो. चोचीत ड्रॉपरने पाणी घालण्याची घाई अनेकांना होते. ते पाणी श्वासनलिकेत जाऊन पक्षी गुदमरतो. पक्ष्याला दूध पचत नाही, आणि खारीच्या पिल्लाला गाईम्हशीच्या दुधाने हगवण लागते. मांजराने धरलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी तो पशुवैद्यकाकडे न्यावाच लागतो, कारण मांजराच्या लाळेतले जिवाणू एक-दोन दिवसांत त्याचा जीव घेतात. हा एक सल्ला जरी घरोघरी पोचला तरी पुष्कळ चिमण्या-बुलबुल वाचतील.

साप

पावसाळ्यात सापांची पिल्ले अंड्यांतून बाहेर येतात, बिळांत पाणी शिरते आणि घरांत साप निघण्याचे प्रमाण वाढते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप जिल्ह्यात आहेत. घरात शिरणारे पुष्कळसे साप मात्र धामण, तस्कर, कवड्या, दिवड, नानेटी यांसारखे बिनविषारी असतात. मण्यार समजून सर्वाधिक मारला जातो तो कवड्या. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारीचे पांढरे, बहुधा जोडीने असलेले पट्टे मानेच्या बऱ्याच मागून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. ओळखीची खात्री नसेल, आणि रात्रीच्या बल्बच्या उजेडात ती कोणालाच नसते, तर प्रत्येक साप विषारी धरून चार-पाच हात लांब राहावे. एकाने त्याच्यावर नजर ठेवावी, दुसऱ्याने फोन करावा. नजर चुकली की साप कपाटामागे जातो आणि सर्पमित्राचे काम तासांनी वाढते.

साप गळ्यात घालून फोटो काढणारा, गर्दीसमोर खेळवणारा माणूस सर्पमित्र नव्हे. चांगला सर्पमित्र हुक वापरतो, साप पिशवीत घेतो, वनविभागाकडे नोंद करतो आणि जवळच्याच योग्य अधिवासात सोडतो. दूरच्या डोंगरावर नेऊन सोडलेला साप अनोळखी जागी भटकतो आणि बहुधा जगत नाही. साप चावलाच तर चिरा देणे, रक्त चोखणे, दोरी आवळणे यात वेळ न घालवता थेट जिल्हा रुग्णालय गाठावे. प्रतिसर्पविष या चारही सापांच्या विषावर काम करते.

बाग, ऊस आणि मांजा

द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरू लागले की पाखरांपासून घड राखण्यासाठी बागांवर नायलॉनची जाळी चढते. तिच्या जमिनीलगतच्या टोकांत धामणी अडकतात. साप पुढे जायला जोर लावतो तसा धागा खवल्यांखाली रुततो. अशा वेळी ओढाताण करू नये. सर्पमित्र आधी सापाभोवतीची जाळी कापून तो तुकड्यासकट वेगळा करतो, मग लहान कात्रीने शेपटीकडून एकेक घर सोडवतो. जाळी जमिनीपासून वीतभर उंच बांधणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय.

निफाड, सिन्नर, दिंडोरी भागात ऊसतोडीच्या वेळी फडात मांजराएवढी ठिपकेदार पिल्ले सापडतात आणि ‘बिबट्याचे बछडे’ म्हणून गावभर होते. त्यांतली काही वाघाटीची किंवा रानमांजराची, म्हणजे बाऊलाची, असतात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान जंगली मांजरांपैकी एक असून पूर्ण वाढीनंतरही तिचे वजन साधारण दीड किलोच्या आत राहते. पिल्ले कोणाचीही असोत, रीत एकच: तोड थांबवायची, वनविभागाला कळवायचे, आणि अंधार पडताना पिल्ले सापडलेल्या जागीच खोक्यात ठेवून माणसांनी लांब जायचे. वनकर्मचारी कॅमेरा लावतात आणि आई पिल्ले नेताना पुष्कळदा त्यात दिसते.

नाशिकच्या पक्ष्यांवर सर्वांत मोठे संकट येते संक्रांतीला. येवल्यात आसारीवर, म्हणजे तिथल्या फिरकीवर, मांजा गुंडाळून तीन दिवस पतंगोत्सव चालतो, शहरातही गच्च्या भरतात. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो. घारी, बगळे, वटवाघळे, पोपट यांचे पंख त्यात चिरले जातात. पक्षी लटकलेला दिसला तर धागा खालून ओढू नये, पंख सांध्यातून निखळतो. अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे, आणि पक्षी हाती आल्यावर जखमेत रुतलेला धागा आपण न उपसता दोन्ही बाजूंनी कापून पशुवैद्यकाकडे न्यावा. सण संपल्यावर झाडांत आणि तारांत राहिलेला मांजा पुढे कित्येक महिने पक्षी मारत राहतो. म्हणून संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आपल्या आवारातला मांजा काढणे हे खरे बचावकार्य.

कायदा आणि परत सोडणे

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राणी पकडणे हाही शिकारीचाच भाग मानला जातो. कलम ३९ प्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. पोपट पिंजऱ्यात पाळणे, मोराची अंडी घरी आणून उबवणे, चांदणी कासव किंवा मांडूळ बाळगणे हे सगळे गुन्हे आहेत, हेतू कितीही चांगला असला तरी. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे आणि म्हसरूळला विभागाचे वन्यप्राणी उपचार केंद्र आहे.

माणसाच्या हातून वाढलेले पिल्लू माणसाला भीत नाही, आणि नेमकी ती भीतीच त्याला बाहेर जिवंत ठेवते. म्हणून उपचार चालू असताना त्याला नाव देऊन खेळवणे, मुलांच्या हाती देणे टाळावे. बरे झालेले पक्षी सापडले त्याच भागात सोडतात: घार सकाळचे ऊन तापून हवा वर चढू लागल्यावर, घुबड दिवेलागणीला. याला अपवाद विकतच्या कासवांचा. डोळ्यामागे तांबडी पट्टी असलेली अमेरिकी कासवे लहानपणी काचेच्या टाकीत गोंडस दिसतात, मोठी झाली की लोक ती पुण्य म्हणून गोदावरीत नाहीतर गंगापूर धरणात सोडतात. ती इथल्या पाणकासवांचे अन्न आणि जागा बळकावतात. अशी कासवे पाण्यात न सोडता वनविभागाला विचारून द्यावीत.