निकालाआधीचा हुकूम चुकला, तर नुकसान कोणी सोसायचे?

दिवाणी दावा निकाली निघायला वर्षे जातात. तोवर वादातली जमीन विकली जाते, खात्यातले पैसे परदेशी वळतात, कागदपत्रे गायब होतात. मग वादीच्या हाती नुसता हुकूमनामा येतो. वसूल करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून मनाई हुकूम, निकालपूर्व जप्ती, रिसीव्हरची (वादातली मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाची) नेमणूक हे अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचे, उपाय आले. पण ते ज्याच्यावर चालतात, त्याची बाजू खोटी आहे हे अजून ठरलेले नसते. या उपायांचा सगळा इतिहास या अडचणीभोवती फिरतो.

प्राचीन रोममध्ये प्रेटर हा न्यायाधिकारी सध्याचा ताबा बिघडवू नका असे फर्मावत असे. मालकीचा वाद मागाहून चाले. आजच्या ‘जैसे थे’ आदेशाचा हा पूर्वज. मध्ययुगीन लंडनच्या रिवाजाने धनकोला एक वेगळेच हत्यार दिले. ऋणकोचा माल किंवा येणे तिसऱ्याकडे असले, तरी ते तिथेच अडकवता येई. ही पद्धत पुढे अमेरिकेतल्या वसाहतींत रुजली. इंग्लंडमध्ये तर कर्जाच्या दाव्यात निकालाआधी माणसालाच अटक होई. १८३८च्या कायद्याने ती प्रथा बरीचशी संपवली.

मला सर्वात मोलाची वाटते ती सुधारणा मात्र कायदेमंडळाने केलेली नाही. १८४०च्या दशकात इंग्लंडच्या चॅन्सरी या न्यायबुद्धीने निवाडे करणाऱ्या न्यायालयात न्यायाधीश नाइट ब्रूस यांनी एकतर्फी (प्रतिवादीला न ऐकता दिलेला) मनाई हुकूम मागणाऱ्यांकडून हमी घ्यायला सुरुवात केली: हुकूम अयोग्य ठरला, तर प्रतिवादीचे नुकसान मी भरून देईन. पुढे दोन्ही बाजू ऐकून दिलेल्या अंतरिम हुकमांनाही ती लागू झाली. चुकीचा बोजा, निदान अंशतः, मागणाऱ्याच्या अंगावर आला.

पैशांच्या दाव्यात मात्र इंग्रजी न्यायालये हात आखडता घेत. निकालाआधी प्रतिवादीची मालमत्ता वादीसाठी तारण म्हणून अडकवायची नाही, हे १८९०च्या लिस्टर खटल्यापासून पक्के झाले होते. १९७५मध्ये ते ढासळले. मारेवा या जहाजमालक कंपनीचे जहाज भाड्याने घेणाऱ्या परदेशी कंपनीने हप्ता थकवला. त्याच जहाजातून खत भारतात येत होते, आणि भारत सरकारने त्यापोटी भरलेले १,७४,००० पौंड त्या भाडेकरू कंपनीच्या लंडनमधल्या बँक खात्यात जमा झाले होते. पैसे एका फोनवर देशाबाहेर गेले असते. लॉर्ड डेनिंग यांच्या खंडपीठाने प्रतिवादीला न ऐकता खाते गोठवले. खाती गोठवणाऱ्या हुकमांना त्यावरूनच ‘मारेवा’ नाव पडले. १९९९च्या नव्या इंग्रजी नियमांत ते ‘फ्रीझिंग इंजंक्शन’ झाले.

अमेरिकेत वारे उलटे वाहत होते. फ्लोरिडातल्या श्रीमती फुएन्तेस यांनी हप्त्यांवर शेगडी आणि स्टिरिओ घेतला होता; शेगडीच्या दुरुस्तीवरून वाद झाला. विक्रेत्याने छापील फॉर्म भरला, न्यायालयाच्या कारकुनाने सही-शिक्का मारला आणि त्याच दिवशी शेरीफच्या (न्यायालयाचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याच्या) माणसाने घरात येऊन दोन्ही वस्तू उचलल्या. तोवर त्यांना समन्सही मिळाले नव्हते. आधी सुनावणीची संधी न देता केलेली अशी जप्ती घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२मध्ये ठरवले. कारकुनाच्या शिक्क्यावर कोणाच्या स्वयंपाकघरात शिरता येऊ नये, हे म्हणायला इतकी वर्षे लागावीत, याचे वाईट वाटते. १९९९मध्ये त्याच न्यायालयाने, पाच विरुद्ध चार मतांनी, साध्या पैशांच्या दाव्यात मारेवासारखा हुकूम द्यायला नकार दिला.

भारतात हे उपाय १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, ‘आदेश’ नावाच्या प्रकरणांत आहेत: आदेश ३८मध्ये निकालपूर्व अटक व जप्ती, ३९मध्ये तात्पुरती मनाई, ४०मध्ये रिसीव्हर. मनाई देताना न्यायालय प्रथमदर्शनी बाजू (वरवर पाहता दाव्यात दम आहे का), तुलनात्मक गैरसोय (हुकूम दिल्याने किंवा नाकारल्याने कोणाची अडचण जास्त) आणि भरून न येणारे नुकसान पाहते. एकतर्फी मनाई दिली, तर अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे आदेश ३९चा नियम ३-अ सांगतो. चुकीच्या हुकमाचे काय, याचे उत्तर संहितेच्या कलम ९५मध्ये आहे. अपुऱ्या कारणावर अटक, जप्ती किंवा मनाई मिळवली असेल, तर प्रतिवादीला भरपाई मागता येते. पण तिची कमाल मर्यादा ५०,००० रुपये आहे, आणि त्या अर्जावर निर्णय झाला की त्याच भरपाईसाठी वेगळा दावा लावता येत नाही. ज्याचे बांधकाम किंवा कारखाना वर्षभर बंद पडला, त्याला एवढ्या रकमेत गप्प बसवणे अन्यायाचे आहे; ही मर्यादा काढून टाकायला हवी.