अलर्ट एका नोडवर, कारण दुसरीकडे

ओरॅकलच्या ‘रिअल ॲप्लिकेशन क्लस्टर्स’ म्हणजेच ‘रॅक’ रचनेत दोन किंवा अधिक सर्व्हर, म्हणजेच नोड, मिळून एकच डेटाबेस चालवतात. डिस्क सामायिक असते, मेमरी मात्र प्रत्येक नोडची वेगळी. एका नोडने नुकताच बदललेला ब्लॉक, म्हणजे डेटाचा ठरावीक आकाराचा तुकडा, दुसऱ्याला हवा असल्यास तो खासगी नेटवर्कवरून थेट त्याच्या मेमरीत पोहोचतो. 2001 साली 9आय आवृत्तीबरोबर पूर्ण रूपात आलेल्या या तंत्राला ‘कॅश फ्यूजन’ म्हणतात, आणि रॅकमधल्या कितीतरी अलर्टचे मूळ याच देवाणघेवाणीत असते.

‘पहिला नोड संथ’ असा अलर्ट आला, सीपीयू मोकळाच दिसला, की नोड रीस्टार्ट करण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा, कारण त्याने पुरावाच पुसला जातो. कोणते सत्र (डेटाबेसशी जोडलेले कनेक्शन) कशासाठी खोळंबले आहे याची दर सेकंदाची नोंद ‘ॲश’ (ॲक्टिव्ह सेशन हिस्टरी) ही ओरॅकलची सोय मेमरीत ठेवते. डिस्कवर त्यातली दहातली एकच जाते. ‘एडब्ल्यूआर’ (ऑटोमॅटिक वर्कलोड रिपॉझिटरी) या कामगिरीच्या नोंदवहीचा अहवाल मूळ मांडणीत तासाभराचा असतो, त्यामुळे दोन मिनिटांची कोंडी त्याच्या सरासरीत विरून जाते.

ॲशमध्ये ‘जीसी बफर बिझी’ ही नोडांमध्ये फिरणाऱ्या ब्लॉकसाठीची प्रतीक्षा वरचढ दिसली, तर ती कोणत्या ब्लॉकवर आहे ते आधी पाहावे. पुष्कळदा तो बिलक्रमांकासारख्या चढत्या आकड्यांवरील इंडेक्सचा (शोधासाठीच्या क्रमवार सूचीचा) अगदी शेवटचा ब्लॉक निघतो. प्रत्येक नवे बिल त्याच ब्लॉकमध्ये जाते, आणि दोन्ही नोड बिले नोंदवत असल्याने तो सतत इकडून तिकडे फिरत राहतो. इथे तिसरा नोड जोडला तर त्या ब्लॉकसाठी आणखी एक दावेदार तेवढा वाढतो. क्रमांक देणाऱ्या सीक्वेन्सचा कॅश, म्हणजे आगाऊ राखून ठेवलेला साठा, मुळात फक्त 20 आकड्यांचा असतो. तो 1000 किंवा अधिक केला, की प्रत्येक नोडला आकड्यांचा स्वतंत्र पट्टा मिळतो आणि नोंदी वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये पडू लागतात. क्रमांक काटेकोर चढत्या क्रमाने किंवा खंड न पडता हवे असतील, तर हा उपाय चालत नाही. तेव्हा इंडेक्सचे हॅश पार्टिशनिंग करावे, म्हणजे नोंदी अनेक भागांत विखुराव्यात. आकडे उलटे साठवणारा रिव्हर्स इंडेक्सही गर्दी फोडतो, पण ‘या क्रमांकापासून त्या क्रमांकापर्यंत’ असा शोध त्यावर नीट चालत नाही.

‘जीसी ब्लॉक लॉस्ट’, म्हणजे ब्लॉक वाटेत हरवल्याची नोंद, दिसली, तर मात्र एसक्यूएल (डेटाबेसला दिलेल्या आज्ञा) चाळत बसू नये; दोष बहुधा नेटवर्कमध्ये असतो. आठ केबीचा ब्लॉक यूडीपी या नेटवर्क पद्धतीने 1500 बाइटच्या एमटीयूवर (एका पॅकेटच्या कमाल आकारावर) पाठवताना त्याचे सहा तुकडे होतात, आणि एक जरी गळाला तरी सबंध ब्लॉक पुन्हा मागवावा लागतो. एमटीयू 9000 केल्यास तो एकाच पॅकेटमध्ये मावतो, मात्र हा बदल दोन्ही नोडच्या नेटवर्क कार्डांवर आणि मधल्या प्रत्येक स्विचवर झालेला असावा लागतो.