मॅडिसनमधली टेरेस म्हणजे गच्ची नव्हे

दर उन्हाळ्यात हा प्रश्न येतोच: "संध्याकाळी टेरेसवर जायचंय, गाडी मोनोना टेरेसलाच लावायची ना?" नाही हो. मोनोना टेरेस वेगळी आणि युनिव्हर्सिटीच्या मेमोरियल युनियनची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भेटीगाठींच्या इमारतीची, टेरेस वेगळी. मधे स्टेट स्ट्रीटने वीस-पंचवीस मिनिटांची पायपीट आहे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची ही राजधानी दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसली आहे. एका बाजूला मेंडोटा, दुसऱ्या बाजूला मोनोना आणि मधे कॅपिटॉलचा, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाचा, घुमट. दोन्ही काठांवर एकेक टेरेस, दोन्हीकडे उन्हाळ्यात गाणी. इथपर्यंत गोंधळ समजू शकतो.

युनिव्हर्सिटीच्या मेमोरियल युनियनचं थोडक्यात सांगते. १९२८ची इमारत, मागे मेंडोटा, सूर्यकिरणांसारख्या पाठीच्या हिरव्या-पिवळ्या-नारिंगी लोखंडी खुर्च्या, युनिव्हर्सिटीच्याच डेअरीचं बॅबकॉक आइस्क्रीम. झालं.

आपली खरी गफलत होते ती 'टेरेस' या शब्दापाशी. आपल्याकडे टेरेस म्हणजे गच्ची: पाण्याची टाकी, वाळत घातलेले पापड, कोजागिरीचं दूध. म्हणून कोणी "टेरेसवर भेटू" म्हटलं की आपले पाय जिन्याकडे वळतात. पण मॅडिसनमध्ये नुसतं 'द टेरेस' म्हटलं की फक्त युनियनचं, आणि ते गच्चीवर नाही, जमिनीवर आहे. टप्प्याटप्प्याने पाण्याकडे उतरत जाणारं फरसबंद अंगण. मला विचाराल तर त्याला सरळ 'घाट' म्हणावं. वाईचा घाट डोळ्यांपुढे आणा, फक्त देवळाच्या जागी बिअरचा काउंटर.

उलट मोनोना टेरेसला अस्सल गच्ची आहे, पण तिला इथे 'द टेरेस' कोणी म्हणत नाही, ती 'रूफटॉप'. म्हणजे शब्द एकाचा, वस्तू दुसऱ्याची!

डॅलसहून आलेल्या माझ्या मावसभावाला मी "सातला टेरेसवर ये" एवढंच कळवलं होतं. चूक माझीच. सव्वासातला त्याचा फोटो आला: कारंजं, मागे तळं, कोणाच्या तरी लग्नाची मंडळी सुटाबुटात. खाली लिहिलेलं, "गच्ची झकास आहे गं, पण तुझ्या त्या रंगीत खुर्च्या कुठायत?"

मोनोना टेरेस हे मुळात कन्व्हेन्शन सेंटर आहे. परिषदा, प्रदर्शनं, लग्नं. खालून रस्ता आणि रेल्वेचे रूळ जातात, वर ही पांढरी अर्धगोल इमारत तळ्यावर झुकलेली. प्रसिद्ध वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटने ती १९३८ साली सुचवली आणि काउंटी बोर्डाने, म्हणजे इथल्या जिल्हा मंडळाने, एका मताच्या फरकाने नाकारली. मग वाद, नवे आराखडे, पुन्हा वाद. १९५९ मध्ये राइट गेले, १९९२ मध्ये लोकांनी मतदानाने होकार दिला आणि १९९७ मध्ये दारं उघडली. बाहेरचं रूप राइटचं, आतली रचना त्यांच्या शिष्याची. त्यामुळे "राइटने बांधलेलं" असं कोणी ठोकून दिलं की माझं डोकं फिरतं.

गायक ओटिस रेडिंगचं विमान १० डिसेंबर १९६७ला याच मोनोना तळ्यात कोसळलं. त्याचं स्मारक या गच्चीवर आहे, मेंडोटाच्या काठी शोधत बसू नका. आणि हो, मोनोना नावाचं शेजारी वेगळं गावही आहे. मोनोना टेरेस तिथे नाही.

बाकी फरक किरकोळ. युनियनला जाताना चपला घाला नि निघा, मोनोनाला गेलात तर आधी वर कसला कार्यक्रम आहे ते बघून जा. युनियनच्या खुर्च्या थंडीत उचलून ठेवतात. वसंतात त्या पुन्हा मांडल्या की इथल्या लोकांचा उन्हाळा सुरू, मग अंगात जॅकेट का असेना.

दिशा मात्र लक्षात ठेवा. उन्हाळ्यातला सूर्यास्त युनियनवरून, मेंडोटापलीकडे. मोनोनाच्या गच्चीवर त्या वेळी सूर्य तुमच्या पाठीमागे, शहरात बुडतो; तिचं तोंड आग्नेयेला. पण उन्हाळ्यातल्या पौर्णिमेला चंद्र त्याच बाजूने, तळ्यावरून वर येतो. दोन्ही जवळपास एकाच वेळी होतं, धावत गेलात तरी दोन्ही मिळत नाही. गर्दी सूर्याकडे जाते. मी दुधाचा थर्मास घेऊन गच्चीवर जाते.