ब्राउझरला पत्ता सांगताना

गेल्या वर्षी बाबांनी पहिल्यांदाच स्वतः मोबाइलवरून नाटकाची तिकिटं काढायला घेतली. तारीख निवडली, खुर्च्या निवडल्या, नाव लिहिलं आणि पिनकोडपाशी अडकले. "अगं, तीस वर्षं सदाशिव पेठेत राहतोय मी, आणि हा म्हणतोय पिनकोड चुकीचा!" मी फोन हातात घेतला. बाबांचा कीबोर्ड मराठी. त्यांनी देवनागरी आकड्यांत ४११०३० टाकलं होतं आणि खाली लाल अक्षरांत 'योग्य पिनकोड भरा' असं आलं होतं. त्या वेब-ॲपच्या टेस्टिंगचं काम हिंजवडीतल्या आमच्याच टीमकडे होतं, आणि आदल्या रात्रीच्या रनमध्ये सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, होत्या.

त्या हिरव्या रंगाचा अर्थ कळायला टेस्ट चालते कशी ते बघायला हवं. सेलेनियम हे ब्राउझरकडून आपोआप कामं करून घेणारं टूल, आणि सेलेनियम आयडीई हे त्याचं ब्राउझरमध्येच बसणारं एक्स्टेन्शन आहे. रेकॉर्डचं बटण दाबायचं आणि नेहमीसारखं तिकीट काढायला लागायचं. आपण जे जे करू त्याची एकेक ओळ तयार होत जाते आणि प्रत्येक ओळीला तीन रकाने असतात: काय करायचं, कुठे करायचं, काय भरायचं. टाइप कर, पिनकोडच्या चौकटीत, अमुक आकडा. क्लिक कर, 'पुढे' या बटणावर. मग प्ले दाबलं की ब्राउझर तेच सगळं आपलं आपण करतो. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींना मी इथूनच सुरुवात करायला लावते, कारण कोड न लिहिता टेस्टचा सांगाडा डोळ्यांना दिसतो.

यातला मधला रकाना सगळ्यात नाजूक. तो पत्ता आहे, आमच्या भाषेत लोकेटर. आपल्याकडे पेठेत पत्ता दोन तऱ्हांनी सांगतात. एक म्हणजे सरळ घर क्रमांक. दुसरा, 'मारुतीवरून आत या, डावीकडची दुसरी गल्ली, तिसरा वाडा.' वेब पानावरही तसंच. चौकटीला स्वतःचा आयडी असेल तर तो घर क्रमांक झाला. नसेल तर 'पानावरचा दुसरा कप्पा, त्यातली तिसरी ओळ, त्यातली पहिली चौकट' असा रस्ता सांगावा लागतो. त्याला एक्सपाथ म्हणतात. हा रस्ता आज बरोबर असतो. उद्या डिझायनरने वर सूचनेची एक पट्टी टाकली की दुसरा कप्पा तिसरा होतो आणि टेस्ट भलत्याच दारात जाऊन उभी राहते. बिघडलेलं काहीच नसतं, तरी टेस्ट फेल. आयडीई यावर एक उपाय करतं: रेकॉर्ड करताना एकाच जागेचे अनेक पत्ते लिहून ठेवतं आणि पहिला चुकला तर पुढचा वापरून बघतं. तरीही मी डेव्हलपरच्या मागे लागून महत्त्वाच्या प्रत्येक चौकटीला कायमचा आयडी मागून घेते. तो एक शब्द लिहायला त्याला अर्धं मिनिट लागतं, माझे पुढचे कित्येक दिवस वाचतात.

दुसरी अडचण वेळेची. खुर्ची निवडल्यावर सर्व्हरकडून दर येईपर्यंत माणूस सहज थांबतो. टेस्ट थांबत नाही, ती दर यायच्या आधीच पुढचं बटण शोधते. म्हणून काही जण प्रत्येक ठिकाणी पाच सेकंदांचा थांबा टाकतात. २०० टेस्ट असतील आणि प्रत्येकीत असा एकच थांबा असेल, तरी १००० सेकंद, म्हणजे जवळपास १७ मिनिटं नुसती वाट बघण्यात जातात. आणि नेट मंद असेल त्या दिवशी पाच सेकंदही पुरत नाहीत. त्यापेक्षा 'दर दिसेपर्यंत थांब' असं सांगावं. सेलेनियमच्या वेबड्रायव्हरमध्ये, म्हणजे कोड लिहून ब्राउझर चालवणाऱ्या भागात, असं सांगितलं की तो साधारणपणे प्रत्येक अर्ध्या सेकंदाला डोकावून बघतो आणि दर दिसला की लगेच पुढे जातो. आज पास आणि उद्या फेल होणाऱ्या, ज्यांना आम्ही फ्लेकी म्हणतो, त्या टेस्टमागे बहुतेक वेळा हाच घाईचा दोष सापडतो.

सेलेनियमचा जन्म २००४ मधला, शिकागोचा. थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स यांनी कामाचे तास आणि खर्च नोंदवायच्या एका अंतर्गत ॲपसाठी ते लिहिलं. त्या काळी टेस्टिंगच्या टूलमध्ये मर्क्युरी या कंपनीचा दबदबा होता. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमची मात्रा, असं म्हणत हे नाव पडलं. ब्राउझरमध्ये बसणारं आयडीई जपानच्या शिन्या कासातानी यांनी बनवलं आणि २००६ मध्ये प्रकल्पाला देऊन टाकलं.

सुरुवातीचं सेलेनियम पानाच्या आत जावास्क्रिप्ट सोडून क्लिक करायचं. पण एका साइटच्या स्क्रिप्टला दुसऱ्या साइटच्या पानात हात घालता येत नाही, हा ब्राउझरचा सुरक्षेचा नियम आहे, आणि तो आडवा यायचा. म्हणून सायमन स्टुअर्ट यांच्या वेबड्रायव्हरने ब्राउझरला बाहेरून हाकण्याचा मार्ग काढला. पुढे दोन्ही प्रकल्प एकत्र आले आणि २०१८ मध्ये वेबड्रायव्हर हे डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक झालं. आयडीईवर मात्र २०१७ च्या ऑगस्टमध्ये वाईट वेळ आली: फायरफॉक्स ५५ आलं आणि जुनं आयडीई चालेना. ते नव्या पद्धतीच्या एक्स्टेन्शनवर पुन्हा लिहावं लागलं. पुढे क्रोममध्येही आलं ते हेच.

आता बाबांचा पिनकोड. संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. इंग्रजी चारचा क्रमांक ५२, मराठी चारचा २४१०. पिनकोड तपासणारी जावास्क्रिप्ट 'अंक आहे का' असं विचारते तेव्हा तिला फक्त इंग्रजी शून्य ते नऊ दिसतात. आमच्या टेस्टमध्येही पिनकोड इंग्रजी आकड्यांतच होता, कारण रेकॉर्ड मीच केलं होतं आणि माझा कीबोर्ड इंग्रजी. टेस्टने खोटं सांगितलं नव्हतं. तिला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, आणि ती चूक माझी होती.

डेव्हलपरने देवनागरी आकडे आधी इंग्रजीत बदलून मग तपासायची सोय केली. मी टेस्टमध्ये नवा प्रेक्षक घातला, ज्ञानेश्वर विश्वनाथ कुलकर्णी, सगळं देवनागरीत. टेस्ट हिरवी. पण शेवटची ओळ बघितली तेव्हा लक्षात आलं की ती फक्त 'तिकीट बुक झालं' हा संदेश तपासते. तिथे तिकिटावरचं नाव तपासणारी असर्टची ओळ टाकली आणि पुन्हा प्ले दाबलं. या वेळी लाल. तिकिटावर छापलं होतं 'ज्ञानेश्वर विश्वनाथ कु' आणि पुढे एक काळा चौकोन. तिकीट तयार करणारा कोड नाव ६४ बाइटवर कापत होता; बाइट म्हणजे संगणकात मजकूर साठवायच्या जागेचं माप. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक अक्षर, मात्रा आणि हलन्ताला तीन. हे नाव ८० बाइटचं. मर्यादा वाढवल्यावर मी पुन्हा रन लावला आणि बाबांना फोन करून सांगितलं, आता तुमच्या कीबोर्डवरून काढा तिकीट.